बेथलेहेमची नावनिशी

निवृत्तीनंतर कोणकोणत्या गोष्टींपासून लांब राहावे, याची एक यादी माझ्याआधी निवृत्त झालेल्या सहकाऱ्यांनी मला प्रेमाने सांगितली होती. कोणाला जामीन राहू नये, पतसंस्थेच्या संचालक मंडळावर जाऊ नये, भावकीतल्या बांधाच्या भांडणात पंच होऊ नये, असे तिचे स्वरूप होते. नाताळसाठी संगीतिका लिहून देऊ नये, हे मात्र त्या यादीत नव्हते. आणि जालना जिल्ह्यातल्या शाळांतून ३१ वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला अभ्यासक्रमाबाहेरचा धोका वेळेवर ओळखता येत नाही.

माझा गुन्हा एवढाच होता की, आमच्या चर्चच्या आधीच्या पाळकसाहेबांची बदली झाली तेव्हा निरोप समारंभात मी १६ कडव्यांची कविता वाचली होती आणि ती संपेपर्यंत एकही माणूस जागचा हलला नव्हता. जेवण कवितेनंतर होते, ही बाब मी हिशेबात धरली नाही आणि नव्या पाळकसाहेबांनीही धरली नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “गुरुजी, दरवर्षी तीच जुनी वही आणि तेच संवाद. गब्रीएल दूत तोंड उघडायच्या आधी समोरची मंडळी त्याचं वाक्य म्हणून टाकतात. यंदा आपलं स्वतःचं, गाण्यांचं नाटक पाहिजे.” मी नाही म्हणायची तयारी करतो आहे, तोच त्यांनी फादर थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण काढले. “त्या माणसानं इंग्लंडहून गोव्याला येऊन, आपली भाषा शिकून जवळपास ११ हजार ओव्या लिहिल्या आणि १६१६ साली छापूनही घेतल्या. तुम्हाला तर प्रवाससुद्धा नाही.” या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

लिहायला बसून लूककृत शुभवर्तमान उघडले आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीने मला धरून ठेवले. औगुस्त कैसराची आज्ञा झाली की, सर्व जगाची नावनिशी लिहिली जावी. इतरांना त्या अध्यायात देवदूत आणि मेंढपाळ दिसत असतील. मला जनगणना दिसली. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांत मी प्रगणक म्हणून दारोदार फिरलो आहे आणि “मागच्याच आठवड्यात कोणीतरी लिहून नेलं,” हे वाक्य मी जितक्या उंबरठ्यांवर ऐकले आहे, तितके उंबरठे पोस्टमननेही पाहिले नसतील. औगुस्ताच्या व्यवस्थेत लोकांनी आपापल्या मूळ गावी पायपीट करायची आणि लिहून घेणाऱ्याने एका जागी बसून राहायचे, हे वाचून मला त्या अज्ञात रोमी सहकाऱ्याचा इतका हेवा वाटला की, मी त्याच्यासाठी एक स्वतंत्र प्रवेश आणि २४ ओळींचे एक गाणे लिहून टाकले.

हेव्याखेरीज आणखीही एक कारण होते. २०११ च्या जनगणनेत बेघर माणसांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री करायची होती आणि माझ्या वाट्याला रेल्वे स्टेशनचा परिसर आला होता. तिथे पोते अंथरून एक बाई लेकराला पदराखाली घेऊन निजली होती आणि तिचा नवरा भिंतीला टेकून जागा होता. मी नाव विचारले, तेव्हा त्याने नाव सांगण्याच्या आधी पोत्याचा अर्धा भाग झटकून मला बसायला जागा केली. रात्री बारापर्यंत जन्मलेले मूल धरायचे आणि बारानंतरचे धरायचे नाही, असा नियम होता; त्यांचे लेकरू तीन महिन्यांचे असल्याने त्याच्याविषयी शंका नव्हती. योसेफ आणि मरीया आमच्या नियमाने ‘बेघर कुटुंब’ म्हणून लिहिले गेले असते, हे त्या रात्री माझ्या मनात आले नव्हते. ते एवढ्या वर्षांनी, संगीतिका लिहिताना आले. म्हणून माझ्या दृष्टीने नावनिशीचा प्रवेश हा नाटकाचा गाभा होता. कमिटीच्या दृष्टीने ती प्रेक्षकांना पाणी पिऊन येण्यासाठी ठेवलेली जागा होती.

पहिल्या बैठकीतच ठरले की, मंडळीतल्या प्रत्येक घरातले निदान एक मूल स्टेजवर दिसले पाहिजे. आमच्या मंडळीत कुटुंबे सत्तरच्या आसपास आहेत, आणि शुभवर्तमानातल्या त्या रात्री गोठ्यात असलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी यावर शास्त्राधार काढला. मेंढपाळांना दिसलेला दूत एकटा नव्हता, त्याच्याबरोबर स्वर्गातल्या सैन्याचा समुदाय होता, हे त्यांनी पवित्र शास्त्र उघडून वाचून दाखवले. आणि एकदा सैन्य म्हटल्यावर भरती थांबवता येत नाही. दूत १९ झाले. शब्बाथशाळेतली सगळी लहान मुले मेंढरे झाली आणि एका शेतकरी सभासदाने त्यांच्या अंगावर चिकटवण्यासाठी घरचा कापूस दिला. तो सरकीसकट असल्यामुळे तालमीनंतर सभागृह झाडणाऱ्या तरुण संघाने मेंढरांविषयी जे उद्गार काढले, ते मी संहितेत घेतले नाहीत.

मागी लोकांचे, म्हणजे बाळासाठी भेटी घेऊन पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचे, प्रकरण अधिक नाजूक होते. मी तीन मागी लिहिले होते. ज्यांचा नातू यादीत बसला नव्हता, अशा एका मावशींनी मला शांतपणे विचारले, “गुरुजी, मत्तयानं तीन म्हटलंय कुठं? भेटी तीन म्हटल्यात.” मावशींचे म्हणणे बरोबर होते. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींचा उल्लेख आहे, आणणाऱ्यांची संख्या मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात दिलेलीच नाही. त्याच्या काळी प्रगणकाला विचारायची पद्धत नसावी. परिणामी मागी सात झाले. तिघांच्या हातात डबे होते, म्हणून उरलेल्या चौघांना जालन्याची मोसंबी देण्यात आली, आणि “पूर्वेकडून” म्हणजे परभणीच्या गाडीने आल्यासारखे ते सातही जण पहिल्या तालमीपासून शेवटपर्यंत उशिराच येत राहिले. मागी गोठ्यात नव्हे तर घरात गेले, असेही मत्तय म्हणतो, हे पाळकसाहेबांनी एकदा सुचवून पाहिले. तेव्हा खजिनदार म्हणाले, “साहेब, मग घराचा वेगळा सेट लागेल.” आमच्याकडे ईश्वरविज्ञानाचे बरेच प्रश्न अशा रीतीने सुटतात.

हेच खजिनदार पुढे हेरोद राजा झाले. त्यासाठी निवड करावी लागली नाही. खर्चाची पावती समोर ठेवल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्याला फक्त मुकुट घालायचा होता. पैठण आपल्या शेजारचे आणि भारुडे नाथांची, म्हणून मी हेरोदासाठी भारुडाची चाल घेतली होती. ती त्यांनी फार सुंदर म्हटली, हे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे.

संगीताची खरी अडचण योसेफ आणि मरीया यांच्या युगुलगीतात निघाली. मरीया झालेली मुलगी काळी पाचमध्ये गात होती आणि योसेफाचा आवाज नुकताच फुटला असल्याने तो काळी एकच्या खाली कुठेतरी, दिवसागणिक वेगळ्या ठिकाणी, सापडत होता. कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाने गाण्याच्या मधोमध बटण दाबून पट्टी बदलण्याचा प्रयोग केला, तेव्हा योसेफ अंधारात जिना चुकलेल्या माणसासारखा थांबला आणि त्याने पुन्हा तोंड उघडले नाही. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकसुद्धा वाक्य नाही, ही गोष्ट मला तेव्हा आठवली, आणि आपला योसेफ मुका ठेवणे हे शास्त्राला धरूनच होईल, असे मी मोठ्या समाधानाने जाहीर केले. दुसऱ्या दिवशी सकाळी योसेफाच्या आई माझ्या दारात होत्या. “गुरुजी, त्याच्या मामांना नांदेडहून बोलावलंय. पोराला तोंड नाही काय? दोन तास नुसती काठी धरून उभा राहील तर त्याला खांब म्हणतील, योसेफ कशाला म्हणतील?”

मी नावनिशीचा प्रवेश काढून दाखवला. तिथे प्रगणक नाव, गाव आणि व्यवसाय विचारतो आणि योसेफ उत्तर देतो. ते माझ्या नाटकातले त्याचे एकमेव वाक्य होते. त्या क्षणापासून त्या बाई माझ्या प्रवेशाच्या पहारेकरी झाल्या. कमिटीने वेळ कमी करण्यासाठी तो प्रवेश तीनदा कापला आणि तीनदा त्यांनी तो पुन्हा बसवून घेतला. शेवटी असा समेट झाला की, माझे २४ ओळींचे गाणे जाईल, प्रश्नोत्तरे राहतील, आणि ती सुरुवातीला न होता अगदी शेवटी, सगळे पात्रवर्ग गव्हाणीभोवती जमलेले असताना होतील. नावनिशीसाठी बेथलेहेमला आलेल्या माणसाची नावनिशी मागी येऊन गेल्यावर व्हावी, यात काळाची काय वाट लागते, ते मी सांगून पाहिले. प्रगणकाची भूमिका घ्यायला कोणीच तयार नसल्याने ती मलाच मिळाली, एवढीच माझी भरपाई झाली.

गव्हाणीची गोष्ट सांगायची राहिली. आमच्या मंडळीतले सर्वांत वयोवृद्ध सभासद आबा यांचे पूर्वज रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेलचे, त्यामुळे बेथ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोणत्याही गावावर आपला थोडा हक्क आहे, असे आबा मानतात. गव्हाण आबांना पसंत नव्हती. “जालना सोने का पालना, ही म्हण साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. जालन्यात देवाचं लेकरू जनावराच्या गव्हाणीत टाकलं, तर गावाची काय शोभा राहील?” पाळकसाहेब म्हणाले की, बेथलेहेम या इब्री नावाचा अर्थच भाकरीचे घर असा आहे, तिथे सोन्याचा संबंध नाही. आबांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, “मग शेवटी हेम कशाला लावलंय?” संस्कृत शिकलेल्या माणसाला गप्प करणे सोपे नसते, पण पाळकसाहेब गप्प झाले. मंडप डेकोरेशनवाल्याकडून सोनेरी पाळणा आला, मी त्यासाठी एक पाळणागीत लिहिले, आणि पाळण्याचे भाडे ऐकून हेरोदाने तो त्याच संध्याकाळी परत पाठवला. गव्हाण वाचली. तिच्यात घालायला कडबा द्या म्हटल्यावर आबांनी एक पेंढी दिली, आणि यंदाच्या भावात एका लेकराला एक पेंढी पुरे आहे, असे बजावले.

शेळीला मात्र पाळकसाहेब स्वतः जबाबदार आहेत. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरे गाढव उभे करून ख्रिस्तजन्माचा देखावा केला होता, हे त्यांनी नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या पहिल्या रविवारी उपदेशात सांगितले, आणि तरुण संघाने आयुष्यात प्रथमच एखादा उपदेश मनावर घेतला. एका घरचा लालकंधारी बैल पायऱ्या चढेना, गाढवाचा मालक २३ डिसेंबरला मोकळा नव्हता, म्हणून काळीभोर उस्मानाबादी शेळी आली.

२३ तारखेला सभागृह भरले. सुरुवातीचा अर्धा तास कसा गेला, ते मला सांगता येणार नाही, कारण तो मी विंगेत मागी मोजण्यात घालवला. १९ दूत खाली उतरले, मेंढरे रांगत आली, हेरोदाच्या भारुडाला टाळ्या पडल्या, कव्वालीच्या ठेक्यावर सात मागी, कधी नव्हे ते वेळेवर, प्रवेशले. एवढ्या गर्दीत दिलेल्या जागेवर एकटी शेळीच उभी राहिली. ती तशी का उभी होती, ते कोणी पाहिले नाही. ती गव्हाणीतला कडबा एकेक धाट करून शांतपणे ओढत होती, आणि माझ्या चार वर्षांच्या नातीकडून उसनी आणलेली बाहुली बाळंत्यासकट हळूहळू तळाला चालली होती.

मी जुनी खाकी पिशवी खांद्याला लावून प्रवेश केला आणि नाव विचारले. योसेफाने खणखणीत आवाजात, न अडखळता, “योसेफ, राहणार नासरेथ, मूळ गाव बेथलेहेम, धंदा सुतारकी” असे सांगितले. तिसऱ्या रांगेतून मामांनी टाळी वाजवली. इथे पडदा पडायचा होता, पण पडद्याची दोरी अडकली. दोरी सुटेपर्यंत काहीतरी बोलणे भाग होते, म्हणून माझ्या तोंडून ३१ वर्षांच्या नोकरीतला पुढचा प्रश्न आपोआप निघून गेला. “कुटुंबात एकूण व्यक्ती किती?”

हा प्रश्न संहितेत नव्हता. योसेफाने माझ्याकडे पाहिले, मग सभोवती पाहिले, आणि तो गुणी मुलगा बोट पुढे करून मोजू लागला. त्याने दूत मोजले, मेंढपाळ मोजले, मेंढरे मोजताना दोनदा चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, विंगेत उभ्या असलेल्या हेरोदालाही धरले, आणि मलाही. सभागृहात चिटपाखरू बोलत नव्हते. मध्येच त्याने विचारले, “गुरुजी, शेळी धरायची का?” शेळीची नोंद पशुगणनेत होते, तिचे खाते वेगळे असते, असे मी सांगितले.

“त्रेसष्ट,” तो म्हणाला.

यादीत ५८ नावे होती. पण सांगणारा जे सांगेल ते लिहावे, वाद घालू नये, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेले असते. मी वही काढली आणि ६३ लिहू लागलो, तेवढ्यात पहिल्या रांगेतून नातीचा आवाज आला. “अन् माझं बाळ?”

योसेफ गव्हाणीत वाकला, खांद्यापर्यंत हात घालून त्याने बाहुली वर काढली, तिच्या अंगावरचा कडबा झटकला आणि ती मरीयेच्या हातात दिली. “चौसष्ट,” तो म्हणाला, आणि मी आकडा खोडून लिहिला.

टाळ्या सुरू झाल्या होत्या. त्या आवाजात कोणीतरी माझी बाही ओढली. मुकुट काखेत धरलेला हेरोद विंगेतून पुढे झुकून कानाशी म्हणत होता, “गुरुजी, चहा आणि केक अठ्ठावन्नचाच सांगितलाय. बाळाला वगळलं तरी पाच जास्त होतात.”