छातीत दुखतंय म्हटलं की गॅसची गोळी

बाईने कॅज्युअल्टीत जाऊन छातीत दुखतंय म्हटलं की पहिला प्रश्न, "घरी काही टेन्शन?" दुसरा, "रात्री काय जेवलात?" ईसीजीचं नाव तिसऱ्यांदा, तेही सोबतच्या कुणी आवाज चढवला तर. संताप संताप होतो!

माझी मामेबहीण ४२ वर्षांची. पहाटेपासून छाती जड, जबडा दुखतोय, मळमळ, दरदरून घाम. ड्यूटीवरच्या डॉक्टरने नाडी बघितली, ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं, "या वयात बायकांना हार्टचं काही नसतं, पाळीच्या वेळचं असेल." ती समोर पडलेली, शुद्धीत, आणि हा बोलतोय भाऊजींशी! त्याच सकाळी पन्नाशीचे एक काका आले, त्यांचा केसपेपर व्हायच्या आधी ईसीजी निघाला. निघायलाच हवा, त्यांच्यावर माझा राग नाही. पण मग हिचा का नाही? घरी पाठवली. दुपारी दुसऱ्या दवाखान्यात न्यावी लागली. तिथल्या सिस्टरने आधी ईसीजी काढला, मग नाव विचारलं. अटॅक होता. वाचली, पण सकाळभर रक्तावाचून राहून हृदयाचा जो भाग मेला तो परत येत नाही. आता एक जिना चढली की बसावं लागतं तिला.

छातीत दुखणारा पेशंट दारात आला की १० मिनिटांत ईसीजी, हा जगभरचा नियम आहे. त्यात 'पुरुष असेल तर' असं कुठे लिहिलंय? झटका मोठा असेल तर ९० मिनिटांत बंद रक्तवाहिनी उघडायची असते. काही रुपयांचा कागद आणि पाच मिनिटं, एवढंच तर मागतोय आम्ही.

बरं, तरुण म्हणून टाळलं म्हणावं तर आमच्या आत्याचं उलट. वय ७८, मधुमेह जुना. छातीत दुखलंच नाही, नुसता दम लागला आणि बोलण्यात गोंधळ. मधुमेही आणि म्हाताऱ्या माणसांत झटका असाही येतो, हे कुठल्याही डॉक्टरला शिकवलेलं असतं. तिला काय ऐकायला मिळालं? "वय झालंय, अशक्तपणा असणार." चाळिशीत 'या वयात कसं शक्य आहे' आणि सत्तरीत 'या वयात चालायचंच'. मग बाईला हार्ट अटॅक यायला बरोबर वय कोणतं, ते तरी सांगा!

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या १० रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागांचा अभ्यास २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. हृदयाचा त्रास असूनही घरी पाठवल्या गेलेल्यांत ५५ च्या आतल्या बायकांची शक्यता कितीतरी जास्त निघाली. त्याआधी, १९८८ मध्ये, ॲस्पिरिनने झटका टळतो हे ज्या गाजलेल्या प्रयोगातून कळलं त्यात २२,०७१ डॉक्टर होते. सगळे पुरुष. एकही बाई नाही! त्यात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येतोच लवकर. हार्ट अटॅकवरच्या इंटरहार्ट या जगभरच्या अभ्यासात आपलं वय साधारण ५३ निघालं, बाकीच्यांचं ५९ च्या आसपास. तरी चाळिशीतली बाई दिसली की गॅस!

'बायकांची लक्षणं वेगळी असतात, म्हणून चुकतं' ही सबब तर मला ऐकवूच नका. बहुतेक बायकांच्याही छातीतच दुखतं. जोडीला पाठ, जबडा, मळमळ, थकवा असतो, एवढंच. ती सांगते. ऐकायचं कुणी?

म्हणून घरातल्या कुणाला घेऊन गेलात तर भिडेखातर गप्प बसू नका. ईसीजी काढायचा नसेल तर 'गरज नाही' असं केसपेपरवर लिहून सही द्या म्हणा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी लगेच उठू नका, झटका असूनही तो नॉर्मल येऊ शकतो. ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाला इजा झालीय का ते दाखवणारी, रक्ततपासणी मागा, थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी मागा. डॉक्टर चिडले तर चिडू देत.