घाटाला झाडू हवा

"आपल्याकडे गाडी चालवण्यासारखं हवामानही नाही आणि रस्तेही नाहीत. रायडिंग करावं तर आल्प्समध्येच." दर उन्हाळ्यात युरोपात दहा दिवस भाड्याची गाडी चालवून परतलेली मंडळी हे सांगतात आणि पुण्या-मुंबईतल्या निम्म्या बाईकवाल्यांना ते पटतं. रस्त्यांबद्दल वाद घालता येईल. हवामानाबद्दलचं विधान मात्र साफ चूक आहे, आणि हे मी म्युनिकमधून लिहितो आहे, जिथून आल्प्स तासाभरावर आहेत.

माझ्या गाडीच्या नंबर प्लेटच्या उजव्या कडेला ०४ आणि १० हे आकडे आहेत. एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे एवढेच महिने ती रस्त्यावर आणता येते. उरलेले पाच महिने गाडी गॅरेजमध्ये उभी, आणि नुसती उभी करूनही भागत नाही. टाकी काठोकाठ भरायची, कारण रिकाम्या जागेतल्या हवेचं बाष्प पत्र्यावर बसतं आणि आतून गंज धरतो. पेट्रोल शक्यतो ई५, म्हणजे फार तर पाच टक्के इथेनॉलवालं. इंजिन ऑइल वसंतात नाही, गाडी उभी करण्याआधीच बदलायचं, कारण वापरलेल्या तेलात साठलेली आम्लं पाच महिने बेअरिंगवर बसून राहतात. टायरमध्ये नेहमीपेक्षा ०.३ ते ०.५ बार हवा जास्त. बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायची नाही, म्हणून तिला छोटा चार्जर जोडून ठेवायचा. ज्यांच्याकडे बारमाही प्लेट आहे तेही डिसेंबरात फारसे निघत नाहीत. रस्त्यावर मीठ असतं, ते चेनमध्ये, नटबोल्टवर, डिस्कच्या कॅलिपरमध्ये शिरतं, आणि गाडी घरी आणल्यावर आधी थंड पाण्याने धुवावी लागते, कारण कोमट पाण्यात मीठ आणखी जोमाने गंजवतं. हवेत ५ अंश असताना १०० च्या वेगात अंगाला उणे ३ च्या आसपास थंडी लागते. बोटं बधिर झाली की क्लच आणि ब्रेक दोन्ही उशिरा दाबले जातात.

हे ज्यांना "रायडिंगचं हवामान" वाटतं, त्यांनी ते जुलैतल्या दहा दिवसांत पाहिलेलं असतं.

आता इटलीतला आल्प्सचा पास स्टेल्व्हिओ, कारण वादात तो हमखास येतो. २७५७ मीटर उंची, पायथ्याच्या प्राड गावाच्या बाजूने ४८ हेअरपिन वळणं, साधारण मेअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत खुला. प्राड सुमारे ९१५ मीटरवर आहे. दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे खाली ३० असेल तर वर १८. हे छान वाटतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वादळी पाऊस ठरलेला, हेअरपिनमध्ये कॅम्परव्हॅन अडकलेली आणि सायकलवाल्यांची रांग. सकाळी आठच्या आत वर पोचला नाहीत तर पहिल्या गिअरमध्ये क्लच जाळत चढावं लागतं. शिवाय इथे डांबराच्या भेगा बिटुमेनच्या पट्ट्यांनी बुजवतात. त्या ओल्या असताना साबणासारख्या निसरड्या होतात आणि कडक उन्हात मऊ पडून टायर सरकवतात. गाडी कलती असताना त्यावरून जावं लागलं तर थ्रॉटलला हात लावायचा नाही.

याउलट पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठा. जवळपास समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर, एका दमात. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हवा कोरडी, आकाश स्वच्छ, डांबर कोमट. टायरला पकड येण्यासाठी रबर गरम व्हावं लागतं, आणि इथे बव्हेरियात एप्रिलच्या सकाळी ते पंधरा-वीस किलोमीटर होतच नाही. आपल्याकडे हिवाळ्यात पहिल्या पाच किलोमीटरांत होतं. गगनबावड्याहून भुईबावडा उतरून करूळने परत चढा, किंवा कुंभार्ली, किंवा आंबोली. सलग साडेचार महिने रोज चालवता येईल असं हवामान युरोपात शोधायचं तर दक्षिण स्पेन किंवा सिसिलीला जावं लागतं.

मग अडतं कुठे? झाडूवर. मार्चअखेर बव्हेरियात रस्त्यांचं सरकारी खातं झाडणारी गाडी पाठवतं आणि ती हिवाळाभर टाकलेली खडी वळणावळणातून उचलते. आपल्याकडे पावसाळ्यात डोंगराकडचं गटार गाळाने बुजतं, पाणी रस्त्यावरून वाहतं आणि मुरूम नेमका वळणाच्या आतल्या बाजूला आणून टाकतं, जिथे गाडीचं पुढचं चाक यायचं असतं. सप्टेंबर गेला तरी तो तिथेच. सावलीतल्या कडेला शेवाळ असतं ते वेगळंच. मे महिन्यात गटारं उपसली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घाट झाडला, तर वरंधापासून फोंड्यापर्यंतचे घाट आल्प्सच्या कुठल्याही पासशी बरोबरी करतील. यासाठी नवा रस्ता लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं रडगाणं दशकाहून जास्त चाललंय ते खरं, पण रायडरला महामार्ग लागतोच कशाला? दिघी, वेश्वी, दाभोळ, जयगड इथल्या फेरीबोटींत गाडी चढवा आणि किनाऱ्याने जा.

तोवर करायचं काय, तर वळणाच्या बाहेरच्या बाजूने शिरा, आतला भाग दिसेपर्यंत कलू नका, खडीवर पुढचा ब्रेक दाबू नका. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, नाहीतर ब्रेक तापून लिव्हर मऊ पडेल. ब्रेकचं डॉट ४ ऑइल हवेतलं पाणी शोषतं. इथे ते दर दोन वर्षांनी बदलतात, कोकणात चालवणाऱ्याने दरवर्षी बदलावं. ओल्या दिवसानंतर चेन त्याच संध्याकाळी रॉकेलने पुसून ऑइल करायची, पेट्रोलने नाही, कारण त्याने चेनमधल्या रबरी ओ-रिंग फुगतात. लाल चिखल आणि जुनं ग्रीस यांची जी पेस्ट होते ती स्प्रॉकेटचे दात खाते.

उन्हाळ्याबद्दल मात्र मान्य. एप्रिल-मेमध्ये विदर्भात दुपारी निघणं चूकच आहे. हवा ३७-३८ अंशांच्या वर गेली की जाळीचं जॅकेट गार करत नाही, उलट भट्टीची झळ अंगावर घेतं. तेव्हा जाळीऐवजी झडपांचं जॅकेट घालायचं, झडपा थोड्याच उघड्या ठेवायच्या आणि आत ओला टीशर्ट घालायचा. हा उपाय कोरड्या नागपूर-अकोल्यात चालतो, दमट रत्नागिरीत नाही. पण यासाठी पहाटे चारला निघण्याची सोय आहे. बर्फाला पहाट आणि दुपार सारखीच.

लडाखवाल्यांनाही एक सांगायचंय. उमलिंग ला ५७९८ मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब जवळजवळ निम्मा. २४ हॉर्सपॉवरची गाडी तिथे १२ ची होते. ते सहनशक्तीचं काम आहे आणि त्याचा मान ठेवावा, पण वळणं घेण्याचा आनंद सातारा जिल्ह्यात जास्त आहे.

इथे निर्बंधही कमी नाहीत. म्युनिकच्या दक्षिणेला केसेलबर्गच्या घाटात शनिवार-रविवारी चढाच्या दिशेने बाईकला बंदी. ऑस्ट्रियातल्या तिरोलच्या आउसरफेर्नमध्ये गाडीच्या कागदावर ९५ डेसिबलच्या वर आवाज नोंदलेल्या गाडीला मोसमात ठरावीक रस्ते बंद. एक गोष्ट मात्र इथून जशीच्या तशी उचलावी, ती म्हणजे परवान्याची परीक्षा. ५० च्या वेगातून आणीबाणीचा ब्रेक, त्याच वेगात ब्रेक न लावता अडथळा चुकवणं, चालण्याच्या वेगात स्लॅलम, म्हणजे शंकूंमधून नागमोडी. आपल्याकडे आठ काढला की परवाना मिळतो. जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारं एबीएस १२५ सीसीच्या वर २०१९ पासून सक्तीचं झालं, पण ब्रेक जोरात कसा दाबायचा हे कुणी शिकवलेलं नसतं. या बाबतीत तरी आपण मागे आहोत, आणि हे बोललं की मला "परदेशात जाऊन शहाणा झालेला" म्हणतात. म्हणोत.

खरं तर या वादाशी माझा आता काही संबंध उरायला नको. माझा विमा इथला, ट्यूफचा, म्हणजे गाडीच्या तपासणीचा, शिक्का इथला, रस्ताही इथला. तरी पंपावर बारचा आकडा बघून मी मनात पीएसआय करतो: २.५ म्हणजे ३६. इथला प्रत्येक पास मी "घाट" म्हणूनच चढतो आणि आंबेनळीशी ताडून बघतो, आणि तुलनेत आंबेनळी हरू नये असं वाटतं. त्यामुळे तिथे राहणारा कुणी म्हणाला की आपल्याकडे चालवण्यासारखं काही नाही, तर ते मला लागतं, कारण त्याला ते बाराही महिने उपलब्ध आहे. त्याचे सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि माझ्या प्लेटवर नेमके तेच नाहीत.