आटे जुळेनात

भाचीच्या लग्नात माझा अंबाडा गुलाबजामाएवढा दिसू नये, एवढीच इच्छा होती. पन्नाशीला टेकले तशी माझी वेणी खाली जाता जाता उदबत्तीची काडी होते. आईच्या वेळी गंगावन आणायचं, वेणीत गुंफायचं, विषय संपला. आता त्याला एक्स्टेन्शन म्हणतात आणि विषय तिथून सुरू होतो.

मी आपली दुकानात गेले, रंग जुळवला आणि शंभर बटा घेऊन आले. "रेमी आहेत मॅडम, सगळ्या केसांचा रोख एकाच दिशेला," दुकानदार म्हणाला. लेडीज डब्यात हे आजवर जमलेलं नाही, त्यामुळे मला कौतुकच वाटलं. सासूबाईंनी मात्र विचारलं, "कुणाचे गं हे?" तिरुपतीला वाहिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं, हे मी सांगायला नको होतं. त्यांनी बटांना नमस्कार केला आणि पुडी देव्हाऱ्याशेजारी ठेवली.

पार्लरातल्या मुलीनं एक बट उचलली. टोकाला नखाएवढा कडक, पिवळसर थेंब.

"मॅडम, ही यू-टिप आहे. आम्ही रिंग लावतो."

तिनं तिच्याकडची बट दाखवली. तिचं टोक आगकाडीसारखं सरळ. ती आय-टिप. आपले चिमूटभर केस आणि ही काडी इवल्याशा रिंगेत ओवायची, पकडीनं दाबायची, झालं. माझ्या बटेचं नख काही त्या रिंगेत शिरेना. त्याला गरम चिमटा लागतो. टोकाचं केरॅटिन वितळवून आपल्या केसांभोवती वळायचं असतं.

"मग चिमटा?"

"तो नाही ना आमच्याकडे."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांची तीस वर्षं नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअरच्या दुकानात गेली. माझ्या केसांकडे तेवढ्या काळात पाहिलेलं आठवत नाही, पण बट मात्र ट्यूबलाइटखाली धरून नीट न्याहाळली. "अर्ध्या इंची नळाला पाऊण इंची सॉकेट आणलंस तू. आधी जोड ठरवायचा, मग माल घ्यायचा."

मग दुसऱ्या पार्लरात टेप. आपल्या केसांचा पातळ थर मध्ये, वर-खाली दोन चिकटपट्ट्या, सँडविचसारखं. पट्टी चपटी बसते म्हणून पातळ केसांना बरी. सहा-आठ आठवड्यांनी केस वाढले की काढून पुन्हा वर लावायची. दोन दिवस पाणी नाही, आणि मुळाशी तेल तर अजिबात नाही. हे मी घरी सांगितलं, पण रविवारी सासूबाई कोमट खोबरेल घेऊन मागे येऊन बसल्या. "डोकं किती तापलंय गं तुझं!" मे महिना, पंखा फुल्ल, डोळे मिटले. नाही म्हणायला तोंडच उघडलं नाही.

सोमवारी दादरला उतरले तर मागून खांद्यावर टकटक. "ताई, हे तुमचं का?" तिच्या पर्सच्या चेनीत माझी बट. उरलेल्या ऑफिसच्या टेबलावर एकेक करून उतरल्या.

शिवायचाही एक प्रकार असतो. डोक्याला घट्ट बारीक वेण्या घालून त्यावर केसांची पट्टी सुईदोऱ्यानं टाचतात. त्यावर ह्यांचं मत एका वाक्यात आलं, "भिंत पोचट असेल तर खिळा ठोकू नये." पोचट म्हणजे मी.

शेवटी क्लिपवाली पट्टी आणली. सकाळी लावा, रात्री काढा. माझ्या गुळगुळीत केसांवरून तीही घसरत होती, पण मुळाशी उलटा कंगवा मारून केस फुगवले तेव्हा दात रुतले. अंबाडा रसगुल्ल्यापर्यंत पोचला.

लग्नाहून आलो त्या रात्री जळका वास आला म्हणून बघायला गेले. ह्यांनी सोल्डरिंग आयर्न काढलं होतं आणि देव्हाऱ्याशेजारच्या पुडीतली एक बट झाडूच्या केसांना डकवली होती. ओढून पाहिली.

"धरतंय की," म्हणाले, आणि माझ्या डोक्याकडे बघितलं.

मी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं.