‘पुस्तकातून उतरवलेले’ या प्रतिक्रियेस उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया वाचली. निम्मे लॅन्थॅनम व निम्मे कॅल्शियम असलेल्या मँगनाइटमध्ये (मँगनीजच्या ऑक्साइडात) मँगनीजचे ३+ आणि ४+ आयन (भारित अणू) बुद्धिबळाच्या पटासारखे बसतात हे चित्र जुने झाले, दोहोंतील भाराचा फरक प्रत्यक्षात बराच कमी असतो, तिसरी आकृती चुकली आहे आणि ‘खानापुरात बसून पुस्तकातून उतरवले की असेच होते’, असे आपण लिहिले आहे.

आकृतीचे मान्य. एका थरावर दुसरा रचताना बाणांची, म्हणजे मँगनीजच्या स्पिनची (अणूच्या सूक्ष्म चुंबकत्वाची), दिशा उलटायला हवी होती; ती आज दुरुस्त केली.

‘उतरवले’ हा शब्द मात्र मान्य नाही. हे पदार्थ मी स्वतः भट्टीत भाजले आहेत. लॅन्थॅनम ऑक्साइडची भुकटी आमच्याकडच्या पावसाळी हवेत उघडी राहिली, की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. काट्यावर वजन बरोबर दिसते आणि लॅन्थॅनम प्रत्यक्षात कमी पडते. ओल्या मातीचा हा हिशेब खानापूरच्या कुंभाराला उपजत कळतो, मला तो वाया गेलेल्या चार गोळ्यांनी शिकवला. तेव्हापासून भुकटी आधी भाजून, गरम असतानाच मी तोलत आलो. आपण कधी तोलली आहे काय?

शिवाय पुस्तकात तरी हे आले कोठून? वोलन आणि केलर यांनी १९५५ साली न्यूट्रॉन विवर्तनाने (स्फटिकावर न्यूट्रॉन सोडून त्यांच्या विखुरण्यावरून रचना ओळखण्याच्या पद्धतीने) लॅन्थॅनम-कॅल्शियमचे प्रमाण बदलत जाणारी हीच मालिका तपासली आणि गुडइनफ यांनी त्याच वर्षी तिची उपपत्ती मांडली. हा स्फटिक थंड करत नेला, की सुमारे २२५ केल्विनला तो आधी लोहचुंबकीय होतो आणि १५५ च्या आसपास त्यात नागमोडी साखळ्यांची रचना स्थिरावते, जिच्यात एका साखळीतील स्पिन परस्परांना समांतर आणि शेजारच्या साखळीतील उलट असतात. इलेक्ट्रॉनला एका मँगनीजवरून ऑक्सिजनमार्गे दुसऱ्यावर जायला समांतर स्पिन सोयीचे पडतात, हा झेनर यांचा १९५१ चा विचार मी लेखाच्या आरंभीच दिला होता; तो आपण वाचला असेल असे समजतो.

भाराचा फरक पूर्ण एका एककाचा नसतो, हे खरे. ३+ आणि ४+ ही सोयीची नावे आहेत आणि ते सर्वांना ठाऊक आहे. त्यावर अधिक लिहीत नाही.

नव्या आकृतीत एखादा बाण अजूनही चुकला असल्यास थराचा क्रमांक कळवावा. गावाचा उल्लेख नसला तरी चालेल.