उद्घाटनाला निधी असतो, बेअरिंगला नसतो

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, ‘मुलांना न्यायचं तरी कुठे, मॉलशिवाय आहे काय?’ दुसरं, परदेशातल्या एखाद्या नातेवाइकाने मुलांच्या म्युझियमचे फोटो पाठवले की येणारं: ‘आपल्याकडे असलं काही टिकायचं नाही, आठ दिवसांत मोडून ठेवतील.’ यातलं दुसरं वाक्य साफ चूक आहे. बॉस्टनच्या चिल्ड्रन्स म्युझियममध्ये शनिवारची सकाळ काढलेल्या कोणालाही ते पटेल. इथेही मोडतात, आणि रोज मोडतात. खेळातल्या बाजारातले प्लास्टिकचे टोमॅटो कोणाच्या तरी जॅकेटच्या खिशातून घरी जातात, बटणं बुक्क्यांनी बसतात, हँडलला तीन-तीन पोरं लोंबकळतात. तरी म्युझियम चालू आहे, कारण मोडणार हे गृहीत धरूनच ते उभं केलेलं आहे.

हे म्युझियम 1913 साली विज्ञानशिक्षकांच्या पुढाकाराने सुरू झालं. पण आज आपण ज्याला ‘हात लावा’ पद्धत म्हणतो ती इथे आली 1962 नंतर, मायकेल स्पॉक संचालक झाल्यावर. बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे जगभर गाजलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचा हा मुलगा. त्याने रोजच्या वापरातल्या वस्तू उभ्या कापून आत काय असतं ते मुलांसमोर मांडलं आणि काचेच्या कपाटांना सुट्टी दिली. 1969 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञानाचं म्युझियम काढलं. तिथला दुरुस्तीचा वर्कशॉप प्रेक्षकांच्या नजरेसमोर आहे. लेथ, ड्रिल, वेल्डिंग सगळं उघड्यावर. मोडलेली वस्तू लपवायची नाही, ती दुरुस्त होताना बघायची. शिवाय वस्तू कशा बनवायच्या याच्या कृती त्यांनी 1975 पासून पुस्तकरूपात छापल्या, म्हणजे ज्याला हवं त्याने नक्कल करावी.

आता बॉस्टनच्या म्युझियममधलं एक टेबल जवळून बघा: साबणाच्या फुग्यांचं. दिसायला सगळ्यात सोपं, चालवायला सगळ्यात कटकटीचं. द्रावणाचं प्रमाण ढोबळमानाने चार लिटर पाणी, दीडशे मिलीलिटर भांडी घासायचं लिक्विड आणि दोन-तीन टेबलस्पून ग्लिसरीन. ग्लिसरीनमुळे फुग्याच्या पापुद्र्यातलं पाणी सावकाश उडतं, फुगा जास्त टिकतो. द्रावण हलक्या हाताने ढवळायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी फुगे चांगले येतात. बिघडतं ते तीन ठिकाणी. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला नीट काम करू देत नाही, त्यामुळे बोअरवेलच्या पाण्यात फुगे नीट येत नाहीत. घरी करायचं तर आरओ फिल्टरचं पाणी घ्या. दुसरं म्हणजे फेस. मुलं हात फटाफट आपटतात, वर फेसाचा थर जमतो आणि त्या थरातून मोठा फुगा उठतच नाही. म्हणून मदतनीस दर थोड्या वेळाने पट्टीने फेस बाजूला ओढत असतो. तिसरं, कोरडा हात. कोरडं बोट लागलं की फुगा गेला, ओलं बोट आरपार जातं. हे चार वर्षांच्या मुलाला सांगायचं नसतं, दहा फुगे फुटले की ते आपणच बोटं बुडवायला लागतं. सांगून टाकणारे आईबाप तिथे हमखास दिसतात आणि मदतनीस त्यांच्याकडे जरा खिन्न नजरेने बघतात. हवेचाही भाग आहे. हिटरने कोरड्या पडलेल्या खोलीत फुगा लवकर फुटतो, दमट हवेत टिकतो. फुग्यांच्या बाबतीत मुंबईचा जुलै बॉस्टनच्या जानेवारीपेक्षा केव्हाही सरस.

या एका टेबलाला रोज काय लागतं? ताजं द्रावण, फेस काढणारा माणूस, भोकांचं रबरी मॅटिंग (नाहीतर साबणाच्या फरशीवर पहिल्या तासात कोणीतरी आपटणार), पुसायला मॉप, आणि डोळ्यात साबण गेलेल्या मुलासाठी जवळ नळ. टेबल एकदाच विकत घ्यावं लागतं. बाकीचं सगळं रोज लागतं, आणि आपल्या चर्चांमध्ये नेमकं तेच कधी येत नाही.

दुसरं उदाहरण उतारावरून गोल्फचे चेंडू सोडायच्या पट्ट्यांचं. मोठी मुलं तिथे तासभर रमतात. पण अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतला चेंडू 44.4 मिलीमीटरपेक्षा लहान चालत नाही, कारण तो घशात अडकू शकतो. गोल्फचा चेंडू असतो सुमारे 42.7 मिलीमीटर. म्हणजे पाच वर्षांच्या ताईसाठी मजा आणि दीड वर्षाच्या भावासाठी धोका, एकाच टेबलावर. म्हणूनच तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी ‘प्लेस्पेस’ नावाची वेगळी खोली आहे. मुलांच्या म्युझियममधल्या अशा खोल्यांत तोंडात घातलेलं खेळणं टाकायला बहुधा एक वेगळा डबा ठेवलेला असतो; त्यातलं धुऊन मगच परत मांडतात. चढायच्या खेळांत फटींचाही हिशोब असतो: साडेतीन ते नऊ इंचांच्या मधली फट टाळायची, कारण तेवढ्या फटीतून धड जातं आणि डोकं अडकतं. आपल्या बागांमधल्या घसरगुंडीच्या कठड्यांना टेप लावून बघा एकदा.

बॉस्टनच्या या म्युझियममध्ये जायचं असेल, किंवा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांबरोबर नातवंडांना धाडायचं असेल, तर काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. म्युझियम फोर्ट पॉइंट चॅनेलच्या काठावर जुन्या विटांच्या वखारीत आहे. दारात चाळीस फुटी दुधाची बाटली उभी आहे, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. मेट्रोच्या रेड लाइनवरच्या साउथ स्टेशनवरून लहान मुलांच्या चालीने दहा-पंधरा मिनिटं. गाडी न्याल तर पार्किंगचे पैसे तिकिटाच्या जवळपास जातील. दार उघडताना पोहोचा. शाळेच्या पिवळ्या बसेस आठवड्याच्या दिवशी सकाळी येतात आणि जेवणाच्या सुमारास जातात, त्यामुळे ज्यांची मुलं दुपारी झोपत नाहीत त्यांना दोननंतरची वेळ निवांत. पावसाळी शनिवार शक्यतो टाळा, सगळ्या शहराला तीच कल्पना सुचलेली असते.

पाच वर्षांखालच्या मुलाला दोन तास पुरे. ‘एवढे पैसे दिलेत, तिन्ही मजले बघूनच जायचं’ हा आपला लाडका हट्ट इथे सोडावा लागतो. मूल एकाच पाण्याच्या टेबलाशी पाऊण तास उभं राहिलं तर राहू द्या. त्याला ओढून पुढच्या खोलीत नेलं की ते रडतं आणि पुढच्या खोलीत काहीच बघत नाही. तसंच ‘हा कोणता रंग? इंग्लिशमध्ये सांग बघू’ ही तोंडी परीक्षाही थोडी थांबवता येईल. आजोबांना फारच राहवलं नाही तर त्यांनी स्वतः चेंडू सोडावा, नातू आपोआप बघायला येतो.

कपड्यांचा एक पूर्ण जोड, मोज्यांसकट, पिशवीत हवाच. पाण्याच्या टेबलाला ॲप्रन असले तरी बाह्या कोपरापर्यंत भिजतात, आणि थंडीत ओल्या बाहीवर जॅकेट चढवून चॅनेलकाठच्या वाऱ्यात बाहेर पडणं म्हणजे सर्दीला आमंत्रण आहे असं आजी म्हणणारच. मोजे फाटके नकोत याला आणखी एक कारण: आत क्योटोहून आणलेलं खरंखुरं दुमजली जपानी घर आहे, क्योटो शहराने 1979 साली बॉस्टनला दिलेलं, आणि तिथे चपला-बूट बाहेर काढावे लागतात. मराठी मुलांना ते सांगावं लागत नाही.

डबा नेताना चिक्की, शेंगदाण्याचा लाडू, कूट घातलेली भाजी घरीच ठेवा. इथे शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेली बरीच मुलं असतात आणि तेच हात नंतर सगळ्यांच्या खेळण्यांना लागतात. पोळीचा रोल, इडली, केळं ठीक. खाऊन झाल्यावर हात साबणाने धुवायचे. सॅनिटायझर शेंगदाण्याचे अंश काढत नाही.

तीन मजली चढायच्या जाळीत मूल शिरलं की बाहेर येईपर्यंत आपल्या हातात काही नसतं. एकाने बाहेर पडायच्या वाटेशी थांबायचं, दुसऱ्याने वर लक्ष ठेवायचं. लहान मूल मध्येच घाबरून बसलं तर मोठ्या भावंडाला पाठवा, स्वतः घुसू नका. मोठ्या माणसाचे खांदे तिथे वळत नाहीत. भडक रंगाचा टीशर्ट आणि मनगटावर बॉलपेनने लिहिलेला फोन नंबर, दोन्ही कामाला येतात.

पैशांबद्दल मात्र इथल्या पद्धतीचं कौतुक करवत नाही. तिकीट माणशी वीस डॉलरच्या पुढे, आणि मुलालाही मोठ्यांइतकंच, फक्त वर्षाखालची बाळं मोकळी. चौघांचं कुटुंब म्हणजे नव्वद डॉलरच्या घरात. यावर वाटा आहेत. मॅसॅच्युसेट्समधली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सवलतीचे म्युझियम पास देतात, तेव्हा आधी आपल्या गावच्या वाचनालयाच्या साइटवर तारीख राखून ठेवा. वर्षात तीनचारदा जाणार असाल तर सदस्यत्व परवडतं. अल्प उत्पन्न गटातल्या कुटुंबांना सरकारी अन्नसाहाय्याचं कार्ड दाखवून देशभरातल्या शेकडो म्युझियममध्ये फुकट किंवा जास्तीत जास्त तीन डॉलरमध्ये जाता येतं. ही योजना 2014 पासून आहे. तरीही शनिवारी गर्दीकडे बघितलं की कोण येतं आणि कोण येत नाही ते लपत नाही. या बाबतीत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र कितीतरी उजवं आहे, तिथलं तिकीट या मानाने किरकोळ.

आणि वरळीचं नाव निघालंच आहे तर पहिल्या वाक्याकडेही येऊ. मॉलशिवाय काही नाही? नेहरू विज्ञान केंद्राचा मुलांचा विज्ञान उद्यान 1979 चा, म्हणजे बॉस्टनचं म्युझियम आजच्या जागेत आलं त्याच वर्षीचा. मुख्य इमारत 1985 ची. नागपूरला रमण विज्ञान केंद्र आहे, पिंपरी-चिंचवडला सायन्स पार्क, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका, आणि 2019 पासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांचं वेगळं दालन. कोलकात्याच्या बिर्ला म्युझियमने तर 1965 मध्येच बसमध्ये प्रदर्शन घालून ती गावोगाव फिरवायला सुरुवात केली होती. परदेशातून आयात करावं असं यात फारसं काही नाही.

मुक्तांगण शोधिकेत बरीच वर्षं काम केलेल्या, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी तर मोडण्याचा प्रश्नच वेगळ्या बाजूने सोडवला. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. इमारतीच्या छपराला आधार देणाऱ्या कैच्या त्रिकोणी का असतात ते दोन मिनिटांत हाताला कळतं. तुटलं तर नवीन काडी. त्याला ना मेंटेनन्स काँट्रॅक्ट लागतो ना सुटे भाग. बॉस्टनमध्ये हजारो डॉलरचं टेबल जे काम करतं, त्यातलं बरंचसं हे दोन रुपयांत होतं, आणि मूल ते घरी घेऊन जाऊ शकतं.

अडतं ते मोठ्या यंत्रांपाशी. नगरपालिका विज्ञान उद्यान काढते, फीत कापली जाते, निविदेत वर्ष-दोन वर्षांचा देखभाल करार असतो. तो संपला की फिरत्या चकतीचं बेअरिंग कुरकुरायला लागतं. बेअरिंग दोनशे-तीनशे रुपयांचं, कोणत्याही हार्डवेअरच्या गल्लीत मिळणारं. पण ते आणायचा अधिकार उद्यानातल्या माणसाला नसतो. त्याने कळवायचं, वरून मंजुरी यायची, नवीन निविदा निघायची. तोवर ‘दुरुस्तीसाठी बंद’ची पाटी लागते, पाटीही उन्हाने फिकी पडते, आणि बघणारा म्हणतो, लोकांना शिस्त नाही. लोकांनी चकती फिरवली, ती फिरवण्यासाठीच होती.

म्हणून आपल्या गावात असं काही होणार असेल तर मिरवणुकीतल्या फोटोंपेक्षा चार गोष्टी विचारायला हव्यात. रोज सकाळी दार उघडण्याआधी प्रत्येक वस्तू हलवून बघायचं काम कोणाचं? प्रत्येक बटणाचा, स्विचचा, बेअरिंगचा सुटा भाग आवारातच कपाटात आहे का, आणि किल्ली कोणाकडे? उद्यानातल्या माणसाला वरून न विचारता महिन्याला किती रुपये खर्चता येतात? आणि गर्दीच्या दिवशी किती मुलांमागे एक मदतनीस? शेवटच्या प्रश्नाला ‘सिक्युरिटी गार्ड आहे ना’ असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही. शिटी वाजवून ‘हात लावू नका’ म्हणणारा माणूस अशा ठिकाणी बसवला की बाकीचा सगळा खर्च पाण्यात. त्यापेक्षा जवळच्या आयटीआयची दोन मुलं स्टायपेंडवर घ्या, त्यांच्या हातात पाना-स्क्रू ड्रायव्हर द्या आणि दुरुस्तीचं टेबल उद्यानाच्या मधोमध मांडा. तिथे पोरांची सगळ्यात जास्त गर्दी होईल.