मळलेल्या कडा

राजवाड्याच्या अलीकडं एका बंद पडलेल्या दुकानाची पायरी आहे. साताऱ्यातला आमचा कट्टा तो. रविवारी संध्याकाळी चार-पाच टाळकी जमतात, चहा होतो आणि पाऊस नसेल तर वादही होतो. परवा वादाला कारण संप्याच होता. त्याच्या बारा वर्षांच्या पोरीनं वाढदिवसाला कादंबरी मागितली आणि यानं तिला सामान्यज्ञानाचं जाडजूड पुस्तक आणून दिलं.

"पोरगी रडली असेल," ताई म्हणाली. ताई वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर असते.

"रडू दे. तासभर वाचलं तर हातात काहीतरी पडाय पाहिजे. कुणीतरी मनानं रचलेल्या माणसाचं लग्न मोडलं, त्यात माझ्या पोरीला काय मिळणार?"

मास्तर अशा चेंडूची वाटच बघत असतात. "2013 साली 'सायन्स'मध्ये प्रयोग छापून आलाय. चांगली कथा थोडी जरी वाचली तरी दुसऱ्याच्या नुसत्या डोळ्यांच्या फोटोवरून त्याच्या मनातलं जास्त चांगलं ओळखता येतं, असं निघालं त्यात."

संप्यानं मोबाईल काढला. दोन मिनिटं शांतता. मग म्हणाला, "मास्तर, 2016 ला दुसऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा करून बघितला. न्हाई निघालं तसं. वाचा."

मास्तरांनी चष्मा वर करून वाचलं आणि चहाकडं वळले. मला मनातून बरं वाटलं. कादंबरी म्हणजे काय च्यवनप्राश आहे का, दोन चमचे घेतले की सहानुभूती वाढली? ज्याला गोष्टीची ओढ नाही त्याला फायदे सांगून ती लागत नाही.

पण मास्तर मास्तरच. "अरे, मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', 1857 ची. विधवांच्या हालांवर आहे. ज्यावर घरात बोलायची चोरी, ते कादंबरीत आलं."

"म्हंजे सुरुवातीपासूनच उपदेश," संप्या म्हणाला. यावर ताई इतकी हसली की तिचा चहा सांडला. मास्तरही हसले, कारण त्या पुस्तकात उपदेश आहेच.

मग गाडी निवडीवर आली. मास्तरांच्या पाकिटात एक यादी असते, 'वाचलीच पाहिजेत' अशा पुस्तकांची. पुरस्कार, साल, सगळं लिहिलेलं. ताईनं ती उडवूनच लावली.

"यादी नको. वाचनालयात या आणि पुस्तक मिटलेलं असताना त्याची पुढची कडा बघा. माणसं पानं उलटतात तिथं बोटांचा मळ बसतो. कडा कुठपर्यंत काळी आहे ते बघायचं. मोठा पुरस्कार मिळालेलं एक पुस्तक आहे आमच्याकडं, नाव नाही सांगत. पहिली चाळीसेक पानं तपकिरी आणि पुढं एकदम पांढरंशुभ्र. गेला वाचक तिथून माघारी. आणि 'ययाती'? अख्खी कडा काळी. दोनदा बांधणी करून आणली."

मला हे फार आवडलं. पण अण्णा म्हणाले, "लोक जिथं थांबले तिथं मी पण का थांबू?"

अण्णा धरणाच्या भूसंपादनातून कारकून म्हणून निवृत्त झाले. वय 68. त्यांची निवडीची पद्धत वेगळी. मधलं पान उघडायचं, संवाद शोधायचा आणि दुकानातच उभं राहून हळू आवाजात वाचायचा. "माणसं त्यांच्या गावची बोलतायत का, तेवढं ऐकायचं. 'धग' उघडा, वऱ्हाडी कळो न कळो, त्यातली कौतिक समोर बसून बोलतेय असं वाटतं. तसं नसेल तर पुस्तक ठेवून द्यायचं."

"मग ययाती कुठल्या गावचं बोलतो?" ताईनं विचारलं.

अण्णा गप्प. मास्तर मदतीला धावले, राजाची भाषा राजासारखी, वगैरे. पटलं कुणालाच नाही. माझंही मत असं की अण्णांची कसोटी माणदेशात, वऱ्हाडात चालते, पुराणात नाही; तिथं ताईची कडाच बरी.

मी सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम सांगितला: पन्नास पानं वाचा, नाही रमलात तर सोडा, पन्नाशी उलटली असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. अण्णांनी बोटांवर हिशेब केला. "बत्तीस. बरंय. शंभरी गाठली तर नुसतं मुखपृष्ठ."

"पण अण्णा," संप्या मुद्द्यावर परत आला, "तुम्ही आयुष्यभर खरे कागद केले. तुम्हाला रचलेलं कशाला लागतं?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "भरपाईसाठी संयुक्त मोजणीत झाडं मोजायचो आम्ही. एका म्हातारीच्या नावापुढं आंबे तीन लिहिले. ती कचेरीत आली, म्हणाली चार हायत. मी म्हणालो, तक्त्यात तीन आहेत. ती गेली. पुढं धरणग्रस्तांवरची 'झाडाझडती' वाचली…"

"विश्वास पाटील, 1991, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी," मास्तरांना राहवलं नाही.

"…तेव्हा ती म्हातारी आठवली. तोवर मधल्या वर्षांत एकदाही आठवली नव्हती."

"आमचं आजोळ कोयनेच्या पाण्यात गेलं," संप्या म्हणाला. "आमाला कादंबरी काय सांगणार?"

"आजोबा सांगायचे काही?"

"न्हाई. सोलापूरकडं जमीन मिळाली, तिकडं गेले. गावाचा विषय निघाला की उठून बाहेर जायचे."

मग कुणी फार बोललं नाही. चहावाल्यानं कप गोळा केले.

पुढच्या रविवारी अण्णांनी पुस्तक आणलं, खाकी कव्हर घातलेलं. संप्यानं आधी, ताईकडं बघत, कडा तपासली. शेवटापर्यंत मळलेली. मग त्यानं मध्येच उघडलं. समासात पेन्सिलीनं, तक्त्यात लिहितात तशा बारीक अक्षरात लिहिलं होतं: आंबे 4.

"हे पोरीला न्हाई झेपायचं," तो म्हणाला.

"तिला 'बनगरवाडी' दे," मास्तर म्हणाले. "लहानशी आहे."

संप्यानं मान हलवली, पण हातातलं पुस्तक काही परत दिलं नाही.