टी-शर्ट नको, लेनवर ताजं तेल द्या!

दर मोसमात तेच! बोलिंग, म्हणजे लांब पट्टीवर (लेनवर) बॉल सोडून टोकाच्या दहा पिन पाडायचा खेळ; त्याच्या लीगचे सभासद मागतात एक, बोलिंग संघटना देते दुसरंच. काऊन बाप्पा? टी-शर्ट अन् पाहुण्यांची भाषणं मागितली कोणी? ऑफिस आटोपून नागपुरातल्या मनीषनगरातून, धरमपेठेतून माणूस येतो तो खेळायला.

लेन आधी पुसा, मग तेल लावा, तेही सामन्याच्या दिवशीच. फाउल लाइनपासून (जिच्या अलीकडूनच बॉल सोडायचा ती रेषा) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट; त्यातले साधारण ४० फूट तेलाचे, पुढचे कोरडे. बॉल तेलावर घसरतो, कोरड्यात पकड घेऊन वळतो. कालच्याच तेलावर खेळवलं की मधला पट्टा उडालेला असतो, बॉल लवकर वळतो. अन् तेल पुढे सरकलेलं असेल तिथे वळतच नाही. मग दर गेमला पाडलेल्या पिनांच्या त्या सरासरीला काय अर्थ?

आणि हँडिकॅप, म्हणजे कमी सरासरीवाल्याला मिळणाऱ्या जादा पिन, त्याच सरासरीवर! २०० वजा सरासरी, त्याचे ९० टक्के, असा नियम धरला तर १४० वाल्याला ५४ पिन, १६० वाल्याला ३६. सरासरीची यादी तीन आठवडे शिळी असली की जिंकलेला गेम हातचा जातो. सरासरी अन् वर्गणीचा हिशोब दर आठवड्याला भिंतीवर लावा. एवढ्यासाठी नागपूरकरांनी किती वेळा अर्ज करायचे?